'मारणे'ला इंग्रजीत काय म्हणायचं? हिट, बीट, स्ट्राइक आणि त्यांच्या भावंडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि मोठ्यांनाही इंग्रजी शिकवते. व्याकरणाच्या शंका ठरावीक असतात, पण शब्दांच्या शंकांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ 'मारणे' या एका क्रियापदाभोवती होतो. विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्यानं वाचा.

'मारणे' म्हणजे नक्की काय? हिट, बीट की स्ट्राइक?

तिन्ही, आणि तिन्हींपैकी एकही नाही. आपण मराठीत काय काय मारतो ते आधी बघा. थप्पड मारतो, लाथ मारतो, दगड मारतो, शिट्टी मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, फेरी मारतो. पोहायला गेलो तर सूर मारतो आणि शाळेला दांडी मारतो. यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी कुणाला काही लागतही नाही.

मराठीत 'मारणे' हे बहुतेक वेळा नुसतं ओझं वाहणारं क्रियापद असतं. खरा अर्थ त्याच्या आधीच्या नामात असतो. थप्पड, गुद्दा, लाथ, टपली हे शब्द सगळं सांगतात आणि 'मारली' फक्त वाक्य पुरं करतं. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथे कशानं मारलं, किती जोरात, एकदा की अनेकदा, हे सगळं क्रियापदातच भरलेलं असतं. थप्पड मारणे म्हणजे 'स्लॅप', गुद्दा मारणे म्हणजे 'पंच', लाथ मारणे म्हणजे 'किक'. 'मारणे'ला वेगळा शब्द लागतच नाही.

म्हणून 'मारणे'चा इंग्रजी प्रतिशब्द शोधायला निघालात की अडकणारच. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कशानं? किती वेळा? आणि लागलं का? या तीन उत्तरांवर योग्य क्रियापद जवळजवळ नेहमी सापडतं. तिसरा प्रश्न विचित्र वाटला असेल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

'लागलं का' हा प्रश्न कशासाठी?

कारण 'हिट'चा गाभा 'मारणे' हा नाहीच, तो 'लागणे' हा आहे.

हे वाक्य बघा: 'त्यानं मला दगड मारला, पण लागला नाही.' मराठीत हे अगदी स्वच्छ वाक्य आहे. आता त्याचं 'ही हिट मी विथ अ स्टोन, बट इट मिस्ड' असं इंग्रजी केलं तर ऐकणारा गोंधळून जातो. 'हिट मी' म्हटलं की दगड लागलेला असतोच, मग तो हुकला कसा? आपल्याला म्हणायचं असतं 'ही थ्रू अ स्टोन ॲट मी'. म्हणजे माझ्या दिशेनं भिरकावला. लागला की नाही, ते पुढच्या वाक्यात सांगता येतं.

मराठीतलं 'मारणे' क्रिया करणाऱ्याच्या हातापाशी संपतं. दगड हातातून सुटला की मारून झाला. 'हिट' मात्र समोरच्याच्या अंगापाशी पूर्ण होतं. त्यामुळे 'हिट'ला करणारा माणूस असावाच लागतो असंही नाही. 'द बॉल हिट द वॉल' म्हणजे चेंडू भिंतीला लागला. 'अ ब्रँच हिट द रूफ' म्हणजे फांदी छपरावर आदळली.

या शब्दाचा उगमही हेच सांगतो. 'हिट' इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून, ते इंग्लंडमध्ये येऊन स्थिरावले त्या काळात. तिथे 'हिट्टा'चा अर्थ होता गाठ पडणे, समोर येणे, सापडणे. स्वीडिश भाषेत आजही 'हिट्टा' म्हणजे सापडणे. म्हणजे मुळात त्यात राग नव्हता, हिंसा नव्हती, नुसती गाठ होती. हे कळल्यावर 'वुई हिट ट्रॅफिक' किंवा 'द टेंपरेचर हिट फॉर्टी' ही वाक्यं मला एकदम सोपी झाली. गर्दीशी गाठ पडली आणि पारा चाळिशीला जाऊन भिडला.

मग दगड 'ॲट' आणि चेंडू 'टू' असं का शिकवतात?

'थ्रो द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून माझ्याकडे टाक. 'थ्रो द बॉल ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून फेक. 'ॲट'मध्ये नेम धरलेला असतो, पण तो साधलाच असं नाही.

हाच 'ॲट' मारण्याच्या क्रियापदांनाही लागतो. 'ही किक्ड द डॉग' म्हणजे कुत्र्याला लाथ बसली. 'ही किक्ड ॲट द डॉग' म्हणजे लाथ उगारली, बसली असेल वा नसेल. गोळीच्या बाबतीत तर हा फरक जिवावरचा ठरतो. 'ही शॉट अ मॅन' म्हणजे माणसाला गोळी लागली आणि 'ही शॉट ॲट अ मॅन' म्हणजे त्याच्यावर गोळी झाडली. बातमीचं भाषांतर करताना हा एक शब्द सुटला की एका माणसाची प्रकृती बदलते.

'बीट' आणि 'हिट' यांत फरक काय?

'हिट' म्हणजे एक फटका. 'बीट' म्हणजे फटक्यांवर फटके.

एकदा एका विद्यार्थिनीनं कुटुंबावरच्या निबंधात लिहिलं, 'माय एल्डर ब्रदर बीट्स मी एव्हरी डे'. मी वही खाली ठेवली आणि तिला बाजूला बोलावून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती आधी गोंधळली, मग घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, खरं मारत नाही हो! नुसती टपली मारतो जाता-येता." आम्ही दोघींनी मिळून वाक्य बदललं: 'माय एल्डर ब्रदर टॅप्स मी ऑन द हेड एव्हरी टाइम ही वॉक्स पास्ट'. आता वाचणाऱ्याला एक खोडकर भाऊ दिसतो. आधीच्या वाक्यात रोज बदडणारा माणूस दिसत होता.

या मुलीची चूक अगदी स्वाभाविक होती. 'मारतो' या शब्दाला तिला शाळेत 'बीट्स' शिकवलेलं होतं. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात 'बीट' म्हटलं की एकामागून एक बसणारे फटकेच येतात. त्याच कारणानं 'बीट' मारण्याच्या बाहेरही अशाच ठिकाणी वापरतात जिथे क्रिया पुन्हा पुन्हा होते. हृदय धडधडतं, ढोल बडवला जातो, अंडं फेटलं जातं, पाखरू पंख फडफडवतं, या सगळ्याला 'बीट' चालतं. बीटच्या जवळचं मराठी शोधायचं तर ते 'मारणे'त न शोधता बदडणे, बडवणे, धोपटणे, चोपणे यांच्यात शोधावं.

एक थप्पड बसली असेल तर 'बीट' लिहू नका. आणि कुणी खरोखर मारहाण सोसली असेल तर 'हिट' लिहून ती सौम्य करू नका.

'बीट अप' म्हणजे धरून बेदम चोप देणे. यात मार खाणाऱ्याला चांगलीच इजा झालेली असते.

'स्ट्राइक' कधी वापरायचा? तो 'हिट'चाच भारदस्त अवतार आहे का?

काही अंशी हो. माणसानं माणसाला मारण्याच्या संदर्भात बोलताना 'हिट' येतो, तर पोलिसांच्या अहवालात, न्यायालयात, बातमीत आणि कथेत 'स्ट्राइक'. घरी येऊन 'ही स्ट्रक मी' असं मूल सांगणार नाही, ते 'ही हिट मी' असंच म्हणेल.

पण स्ट्राइकची स्वतःची अशी काही ठिकाणं आहेत आणि तिथे बहुधा हिट चालत नाही. घड्याळात तीनचे टोले पडले, 'द क्लॉक स्ट्रक थ्री'. काडी ओढली, 'शी स्ट्रक अ मॅच'. वीज पडली, 'लाइटनिंग स्ट्रक द ट्री'. विजेच्या बाबतीत आपली मुलं हमखास 'लाइटनिंग फेल ऑन द ट्री' लिहितात, कारण मराठीत वीज पडते. इंग्रजीत ती पडत नाही, प्रहार करते. माणसावर वीज पडली तर 'ही वॉज स्ट्रक बाय लाइटनिंग'.

मनात अचानक काही आलं तरी स्ट्राइकच येतो. 'इट स्ट्रक मी दॅट द हाउस वॉज टू क्वाएट' म्हणजे घर फारच शांत आहे असं माझ्या एकदम लक्षात आलं. 'स्ट्राइकिंग' म्हणजे नजर खेचून घेणारं. यातलं काहीही अंगाला लागत नाही, पण मनाला लागतं, आणि आपणही 'शब्द लागले', 'बोलणं लागलं' असं म्हणतोच.

संपाला स्ट्राइक का म्हणतात हे दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. जहाजाचं शीड खाली उतरवण्यालाही इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणतात. 1768 साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीच्या वादातून जहाजांची शिडं उतरवून ठेवली आणि जहाजं जागची हलू दिली नाहीत. काम बंद पाडण्याला 'स्ट्राइक' म्हणायची सुरुवात तिथली. या अर्थात कुणालाही मारलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता हलकेच चालत जाणे, हात फिरवणे. 'स्ट्रोक', म्हणजे मांजराच्या पाठीवरून हात फिरवणे, हा त्याच कुळातला शब्द. कुरवाळणं आणि प्रहार एकाच घरातून निघाले. मेंदूच्या झटक्याला 'स्ट्रोक' म्हणतात त्यात मात्र प्रहाराचा अर्थ आहे, आणि आपल्या 'पक्षाघात'मध्येही 'आघात' आहेच.

'ही हिट टू मी' असं लिहिलं तर चूक का?

'त्यानं मला मारलं' यातला 'ला' आपल्याला 'टू' लिहायला लावतो. इंग्रजीत मारण्याच्या क्रियापदांना थेट कर्म लागतं. 'ही हिट मी', 'शी स्लॅप्ड हिम', 'दे बीट अस'. मध्ये काहीही नाही.

शब्द अडतो तो शरीराच्या अवयवापाशी. 'माझ्या डोक्यात मारलं' याचं 'ही हिट माय हेड' असं केलं तर व्याकरण चुकत नाही, पण डोकं ही जणू एखादी वेगळी वस्तू होते. इंग्रजी माणूस आधी माणूस सांगतो, मग जागा सांगतो, आणि जागेला 'माय' न लावता 'द' लावतो: 'ही हिट मी ऑन द हेड'.

आता 'ऑन' की 'इन'? पक्का नियम नाही, पण मला एक खूण उपयोगी पडते. कठीण किंवा वरवरचा भाग असेल तर बहुधा 'ऑन' येतो: ऑन द हेड, ऑन द नोज, ऑन द शोल्डर, ऑन द बॅक. मऊ किंवा खोलगट भाग असेल तर 'इन': इन द स्टमक, इन द आय, इन द माउथ. चेहऱ्याला 'इन द फेस' म्हणतात, मात्र तळहात गालावरून सणसणीत फिरला असेल तर 'अक्रॉस द फेस'. तो 'अक्रॉस' त्या हाताची वाटच दाखवतो.

'हिट' आणि 'ब्रेक' यांच्या वाक्यरचना वेगळ्या का असतात?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण विचारणारा नेहमी हुशार असतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी 1970 साली नेमका हाच भेद मांडला. 'आय हिट हिज लेग' चालतं, 'आय हिट हिम ऑन द लेग'ही चालतं. 'आय ब्रोक हिज लेग' चालतं, पण 'आय ब्रोक हिम ऑन द लेग' अजिबात चालत नाही.

कारण हिट फक्त स्पर्श सांगतो आणि ब्रेक परिणाम सांगतो. हातोडा काचेला लागला, काच फुटली नाही: हिट खरा ठरला. काच फुटली तरच ब्रेक. स्लॅप, किक, टॅप, पंच, स्ट्राइक हे सगळे हिटच्या घरचे. 'स्मॅश' आणि 'शॅटर' हे ब्रेककडे झुकणारे, म्हणजे वस्तूचे तुकडे झालेच.

माझं डोकं दाराला आपटलं. हे इंग्रजीत कसं सांगू?

'आय हिट माय हेड ऑन द डोअर'. इथे मराठी माणूस बिचकतो. मी मुद्दाम थोडंच आपटलं? मराठीत डोकं आपोआप आपटतं, पाय मुरगळतो, ग्लास फुटतो, दोष कुणाचाच नसतो. इंग्रजीत असल्या वाक्यात 'आय' आला म्हणजे मुद्दाम केलं असं होत नाही. डोकं माझं आहे, म्हणून कर्ता मी, इतकंच.

गुडघा टेबलाला आपटला तर 'आय बँग्ड माय नी'. खांदा कुणाच्या खांद्याला धडकला तर 'बंप'. आणि पायाला ठेच लागली तर इंग्रजीत त्यासाठी खास शब्द आहे: 'आय स्टब्ड माय टो'. बोटाची ठेच आणि विडी-सिगारेट विझवणं क्रियापद म्हणून एवढ्यापुरताच बिचारा 'स्टब' उरला आहे.

'मला लागलं' याचं मात्र 'इट हिट मी' करू नका. आपल्या 'लागलं'मध्ये दोन अर्थ राहतात, स्पर्श झाला आणि इजा झाली. इजेसाठी 'आय गॉट हर्ट'.

थप्पड, गुद्दा, धपाटा, टिचकी या सगळ्यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत का?

बहुतेकांना आहेत. या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे, त्यामुळे भाषांतर करायला मजाही येते आणि कधी हात टेकावे लागतात.

उघड्या तळहातानं मारली ती 'स्लॅप'. चापट, थप्पड, चपराक, कानशिलात, मुस्काटात, थोबाडीत, सगळ्यांना इंग्रजीत हाच मुख्य शब्द. चपराकीतला अपमान आणि चापटीतला हलकेपणा दाखवायचा तर 'हार्ड' किंवा 'लाइटली' असं काही जोडावं लागतं. 'स्मॅक' म्हणजे आवाज होईल अशी चापट. लहान मुलाच्या ढुंगणावर फटका दिला तर 'स्पँक', हा शब्द दुसऱ्या कुठल्या अवयवाला लागत नाही.

मूठ वळली की 'पंच'. गुद्दा, ठोसा, बुक्की सगळे इथे. पाठीत धपाटा घातला तर 'थंप' जवळ येतो, कारण दोन्ही शब्दांत जड, बोदा आवाज आहे. टिचकी म्हणजे 'फ्लिक'. खांद्यावर बोटांनी हलकेच टकटक केलं तर 'टॅप'. शाबासकी म्हणून पाठ थोपटली तर 'पॅट', हा मार नव्हे, माया आहे. कोपरखळीचं 'नज' होतं, पण ती शब्दांनी मारलेली कोपरखळी असेल तर 'डिग' बरा. माशीला झटकन फटका मारणे याला 'स्वॉट'. कुटणे म्हणजे 'पाउंड', ठोकणे म्हणजे 'हॅमर', बदडणे म्हणजे 'थ्रॅश'. पावसानं झोडपलं तर 'लॅश' किंवा 'बॅटर'.

टपलीला मात्र तंतोतंत शब्द मला आजवर मिळालेला नाही. 'टॅप ऑन द हेड'मध्ये टपली येते, पण तिच्यातली सलगी येत नाही.

इंग्रजीची एक सोय मात्र मला हेवा वाटावा अशी आहे. ज्या वस्तूनं मारायचं तिलाच क्रियापद करता येतं. 'केन' म्हणजे छडी आणि छडीनं मारणे. 'व्हिप' म्हणजे चाबूक आणि चाबकानं फोडून काढणे. 'एल्बो' म्हणजे कोपर आणि कोपरानं ढोसणे. फुटबॉलमध्ये चेंडू डोक्यानं मारला तर 'ही हेडेड द बॉल'.

खाडकन, धाडकन, फाडकन हे इंग्रजीत कसं आणू?

क्रियाविशेषण शोधू नका, क्रियापद शोधा. मराठीत आवाज वेगळा उभा राहतो आणि इंग्रजीत तो क्रियापदात विरघळतो. 'दार धाडकन आपटलं' यातला धाडकन आणि आपटलं हे दोन्ही एकट्या 'स्लॅम'मध्ये आहेत: 'शी स्लॅम्ड द डोअर'. टेबलावर धाडदिशी मूठ आपटली, 'ही बँग्ड हिज फिस्ट ऑन द टेबल'. बँग, थंप, व्हॅक, स्मॅक हे शब्द नुसते म्हणून बघितले तरी कानाला फटका ऐकू येतो.

'गिव्ह अ स्लॅप' असं म्हणतात, मग 'गिव्ह अ हिट' का नाही?

'एक ठेवून दिली', 'कानाखाली दिली' असं आपण म्हणतो, तसंच इंग्रजीत 'गिव्ह' येतो: 'शी गेव्ह हिम अ स्लॅप', 'गिव्ह द बॉक्स अ किक'. फटका कोणत्या जातीचा ते ज्या शब्दात आहे त्याच्याशीच 'गिव्ह' शोभतो. 'हिट'मध्ये ती जातच नाही, म्हणून 'गिव्ह अ हिट' पोकळ वाटतं. मारहाण असेल तर 'गेव्ह हिम अ बीटिंग' म्हणतात, 'अ बीट' नाही.

'मारणे' म्हणजे ठार मारणेही होतं. इंग्रजीत हा गोंधळ होत नाही?

आज होत नाही, पण पूर्वी इंग्रजीही याच वाटेनं गेली आहे, फक्त उलट्या दिशेनं. 'स्ले' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थ होता प्रहार करणे, आणि त्याचा जर्मन भाऊ 'श्लागेन' आजही तेवढंच सांगतो. इंग्रजीत मात्र 'स्ले' प्रहारावरून जीव घेण्यापर्यंत गेला. आपलं 'मारणे' हे 'मरणे'चं प्रयोजक रूप, म्हणजे मरायला लावणे. ते जीव घेण्यावरून साध्या चापटीपर्यंत उतरलं. संस्कृतातल्या 'हन्' धातूत तर प्रहार आणि वध दोन्ही एकत्रच होते.

म्हणून 'डास मारला' याचं इंग्रजी 'आय किल्ड अ मॉस्किटो'. 'आय हिट अ मॉस्किटो' म्हटलं तर तो डास अजून उडत असू शकतो.

'स्माइट' हाही जुना प्रहार. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये उजव्या गालावर मारणाऱ्यासाठी हाच शब्द आहे. आता तो बोलण्यातून गेला, आणि उरला आहे 'स्मिटन', म्हणजे प्रेमात पडलेला.

गाडीनं उडवलं, धडक दिली, चिरडलं हे कसं सांगायचं?

धडक बसली तर 'अ कार हिट हिम'. धडकेनं खाली पडला तर 'नॉक्ड हिम डाउन'. अंगावरून गाडी गेली तर 'रॅन ओव्हर हिम'. गाडी जाऊन भिंतीवर आदळली तर 'क्रॅश्ड इंटू'. 'कोलाइड' हा शब्द दोन्ही चालत्या गोष्टींसाठी जास्त शोभतो. ठोकर देऊन पळून गेला तर 'हिट अँड रन'. जबाब किंवा विम्याचा अर्ज लिहिताना यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो, तेव्हा काय घडलं ते आधी मराठीत नीट सांगा.

'बीट' म्हणजे हरवणे. मग 'विन' कुठे?

सामना 'विन' करतात, समोरच्या संघाला 'बीट' करतात. 'वुई वन देम' हे चूक, 'वुई बीट देम' हे बरोबर.

क्रिकेटमध्ये 'स्ट्राइक' म्हणजे काय, आणि बेसबॉलमध्ये वेगळं का?

क्रिकेटमध्ये चेंडू खेळायला उभा असलेला फलंदाज 'ऑन स्ट्राइक' असतो. चेंडू बॅटला चकवून गेला की फलंदाज 'बीटन', म्हणजे इथे बॅटला काही लागलेलंच नाही. बॅट किंवा अंग लागून स्वतःच्याच यष्ट्या पडल्या तर 'हिट विकेट', नियम 35. बेसबॉलमध्ये मारायला गेला आणि हुकला की 'स्ट्राइक', आणि असे तीन झाले की बाद.

रूपं पटकन सांगा.

हिट, हिट, हिट. बीट, बीट, बीटन. स्ट्राइक, स्ट्रक, स्ट्रक. 'हिटेड' आणि 'बीटेड' असं काही नसतं. 'ही हिट्स' वर्तमानकाळ आणि 'ही हिट' भूतकाळ, एका 'स'वर काळ ठरतो, म्हणून तो 'स' गिळू नका. 'स्ट्रिकन' हे रूप दुःखानं किंवा संकटानं ग्रासलेल्यासाठी ठेवलेलं आहे: 'पॉव्हर्टी-स्ट्रिकन'.

उच्चारात काय सांभाळायचं?

हिट आणि हीट, बिट आणि बीट. आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही, पण 'द डॉग बिट हिम' म्हणजे कुत्रा चावला आणि 'बीट' म्हटलं की कुत्र्यानं शर्यतीत हरवलं. ऱ्हस्व 'इ' म्हणताना ओठ आणि जीभ सैल सोडा, नुसतं लांबवणं-आखडणं पुरत नाही. 'नॉक'च्या लिखाणात सुरुवातीला 'क' असतो. जुन्या इंग्रजीत तो उच्चारला जायचा, आज तो मुका आहे.

'आय वॉज स्ट्रक इन ट्रॅफिक' बरोबर आहे का?

नाही. अडकलात तर 'स्टक'. तो 'स्टिक' म्हणजे चिकटणे या क्रियापदाचा भूतकाळ, त्यात 'र' नाही. 'स्ट्रक' म्हणजे तुम्हाला काहीतरी येऊन लागलं. ही चूक शिकलेल्या माणसांच्या ईमेलमध्येही मी इतक्यांदा बघते की ती वेगळी सांगावीशी वाटली.

'ही हिट ऑन हर' म्हणजे तिला मारलं ना?

नाही. तिच्याशी लगट करायचा प्रयत्न केला. अवयव सांगायचा नसेल तर 'हिट'पुढे 'ऑन' लिहू नका.

इंग्रजी गोष्टीतलं 'ही हिट मी' मराठीत आणताना काय करू?

इथे मी सगळ्यात जास्त थांबते. इंग्रजी लेखकानं फक्त 'हिट' लिहून सोडलेलं असतं. हातानं मारलं असेल एवढं कळतं, पण मूठ होती की तळहात, गालावर की पाठीत, ते कळत नाही. 'त्यानं मला मारलं' लिहिलं तर एक की अनेक ते संदिग्ध राहतं. 'थोबाडीत दिली' लिहिलं तर लेखकानं न सांगितलेली जागा मी सांगून बसते.

मग मी पुढचं पान वाचते. गालावर वळ उठले असं असेल तर थप्पड. ओठ फुटला असेल तर ठोसा. मार खाणारी व्यक्ती श्वास घ्यायला वाकली असेल तर पोटात गुद्दा. आणि पुढे काहीच नसेल तर 'त्यानं माझ्यावर हात उचलला' असं लिहिते. या वाक्प्रचारात फटक्याची जात सांगावी लागत नाही, आणि घरातल्या माणसानं मारलं असेल तर त्यातली खरी जखम कुठे आहे ते मराठी वाचकाला बरोबर कळतं.